तिकून काढला, आपल्याले देल्ला

शेलूबाजारच्या चौकात नव्या साहेबाआधी त्याची बातमी पोहोचते. अकोल्याहून मंगरुळपीरला जाणारा रस्ता आणि नागपूरहून संभाजीनगरला जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गाड्या थांबतात, चहा होतो, बोलणं होतं. "नवा साहेब कुठून येऊन राह्यला बॉ?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्याला चिकटूनच येतो. "तिथून कायले काढला?"

मोठ्या शहरातून आमच्याकडे कुणी आला, तर तो काढलेलाच असणार, असं इथला माणूस धरूनच चालतो. दरवेळी ते खरं नसतं. मनापासून काम करून गेलेले अधिकारीही आमच्या वाशिम जिल्ह्याने पाहिले आहेत, त्यांच्या निरोपाला माणसं रडलेली आहेत. पण प्रश्न उगाच रुजत नाही. त्याला वर्षानुवर्षं खतपाणी मिळालं आहे.

जुलै २०२४ आठवा. पुण्यात प्रशिक्षण घेत असलेल्या परिविक्षाधीन आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्याबद्दल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुख्य सचिवांना अहवाल पाठवला. रुजू होण्याआधीच दालन, गाडी, कर्मचारी यांची मागणी, खासगी गाडीवर दिवा, अशा तक्रारी पुढे आल्या. सरकारने काय केलं? उरलेलं प्रशिक्षण पूर्ण करायला त्यांना वाशिमला पाठवलं. ११ जुलैला त्या इथे रुजू झाल्या. आठवडा उलटायच्या आत प्रशिक्षण थांबवून त्यांना मसुरीच्या अकादमीत परत बोलावलं गेलं. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केलं. या पुढच्या कारवाईची कारणं परीक्षेच्या अर्जांशी जोडलेली होती. ते प्रकरण न्यायालयात गेलं आहे, त्याचा निवाडा तिथे होईल.

मला बोलायचं आहे ते पहिल्या निर्णयाबद्दल. तक्रार पुण्याची, उपाय वाशिम. पुण्याच्या कार्यालयात जे वागणं खपत नाही, ते वाशिमच्या कार्यालयात खपेल, असं कुणी आणि कशावरून ठरवलं? आरोप खरे असतील, तर वाशिमच्या कारकुनाने, शिपायाने, तहसीलदाराने असं कोणतं पाप केलं होतं? आणि आरोप खोटे असतील, तर बदली तरी का? दोन्ही बाजूंनी हा निर्णय चुकीचा होता. तरीही तो इतक्या सहज झाला, कारण नकोसा झालेला माणूस इकडे पाठवायची जुनी सवय आहे.

नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, आणि वाशिम. आरोग्य, शिक्षण, शेती यांत मागे पडलेले हे जिल्हे पुढे आणायचे, असं दिल्लीने ठरवलं. मागे पडलेल्या जिल्ह्याला सर्वांत चांगला अधिकारी हवा, हे सांगायला आयोगाची गरज नाही. शेतात जिथे पीक पिवळं पडलं, तिथेच शेतकरी आधी जातो. आमच्याकडे मात्र उरलंसुरलं पाठवायचं, ही रीत पडली आहे.

०

आता नियम बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. यात शिक्षांची यादी आहे. ठपका, बढती रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं, बडतर्फी. पुन्हा वाचा. या यादीत बदली नाही. आयएएस अधिकाऱ्यांसाठी १९६९ चे वेगळे नियम आहेत, त्यांतही बदली नाही. सोमेश तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा आहे.

म्हणजे कायद्याच्या लेखी बदली ही शिक्षाच नाही. वापर मात्र शिक्षेसारखा होतो. कारण सोपं आहे. विभागीय चौकशी करायची तर दोषारोपपत्र लिहावं लागतं, साक्षीदार बोलवावे लागतात, कुणाला तरी सही करून जबाबदारी घ्यावी लागते. बदलीला एक कागद पुरतो. तक्रार करणारे शांत होतात, वर्तमानपत्रात "तडकाफडकी बदली" असा मथळा येतो, आणि साहेबाच्या सेवापुस्तकावर ओरखडाही उठत नाही. तो तसाच, त्याच सवयींसह, दुसऱ्या जिल्ह्यातल्या खुर्चीत जाऊन बसतो. तिथल्या कागदांवर त्याच्याबद्दल काहीच नसतं.

हेच हत्यार सरळ माणसावरही चालतं. तुकाराम मुंढे २००५ च्या तुकडीचे अधिकारी. त्यांच्या वाट्याला वीसहून जास्त बदल्या आल्या. राज्याचा २००५ चा बदली कायदा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षं ठरवतो. त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्यांच्याबाबत हा आकडा कागदावरच राहिला. छळणाऱ्या साहेबाला बदली आणि नियमावर बोट ठेवणाऱ्या साहेबालाही बदली, असं असेल तर हाताखालच्या माणसाने त्यातून काय शिकायचं? तो एकच गोष्ट शिकतो. इथे वागण्याचा आणि परिणामाचा संबंध नाही.

०

वाईट साहेबाच्या हाताखाली कार्यालयाचं काय होतं, ते मी जगून पाहिलं आहे. कार्यालय कोणतं, ते सांगणार नाही.

सकाळी दहाला आम्ही साहेबाची गाडी बघायचो. ती आत शिरताना ड्रायव्हरचा चेहरा कसा आहे, त्यावरून आमचा दिवस ठरायचा. आढावा बैठकीत एकेकाला उभं करून बोलायचे. चुकीबद्दल बोलले असते तर हरकत नव्हती. बोलणं जायचं माणसाच्या शिक्षणावर, गावावर, अंगावरच्या शर्टावर. नावडतीचं मीठ अळणी, तसं ज्याच्यावर राग, त्याचं कामही वाईट. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर माहिती मागवायची आणि सकाळी नऊला ती आली नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस. खुलासा दिला तर "खुलासा समाधानकारक नाही". रजेचा अर्ज टेबलावर पडून राहायचा. आई दवाखान्यात आहे म्हटलं तर उत्तर यायचं, "नोकरी कुणाला करायची, तुम्हाला की आईला?"

सहा महिन्यांत कार्यालयात दोन तट पडले. एक साहेबाच्या कानाशी लागलेला, दुसरा भिंतीला लागलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आमच्यातलाच एक जण आमचं बोलणं वर पोहोचवायचा. त्याचाही मला आज राग नाही. त्याच्या घरी कर्ज होतं, आणि भीती माणसाकडून काहीही करून घेते.

पण सर्वांत मोठं नुकसान वेगळंच झालं. आम्ही खोटं लिहायला लागलो. उद्दिष्ट पूर्ण झालं नाही असं सांगितलं तर अपमान, झालं असं सांगितलं तर सुटका. मग सगळे रकाने भरू लागले. शंभर टक्के. ज्या गावात आम्ही पाय ठेवला नव्हता, तिथल्या भेटीची नोंद झाली. ज्या बैठकीला कुणी आलं नव्हतं, तिची उपस्थिती भरली गेली. वर बसलेल्यांना आमचं कार्यालय उत्तम वाटत होतं, कारण वाईट बातमी वर नेण्याची हिंमत खाली कुणात उरली नव्हती.

म्हणून वाईट साहेब हे कर्मचाऱ्याचं घरगुती दुखणं आहे, असं मी मानत नाही. ज्या शेतकऱ्याच्या सोयाबीनचा पंचनामा कागदावर होतो, त्याचं ते दुखणं आहे. ज्या बाळंतिणीची घरभेट फक्त रजिस्टरमध्ये होते, तिचं ते दुखणं आहे. ओरडणारा साहेब कामाला वेग आणतो, असं आपल्याकडे अजूनही कौतुकाने बोललं जातं. वेग येतो तो आकड्यांना. काम जागेवरच असतं. त्याच बदली कायद्यात तरतूद आहे की कोणतीही फाइल एका टेबलावर ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. भ्यालेल्या कार्यालयात फाइल थांबतेच, कारण सही करणाऱ्याला चुकीची भीती असते आणि न करणाऱ्याला काही होत नाही.

०

आमच्याच अमरावती विभागातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. मेळघाटातलं हरिसाल. २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. तिथे दीपाली चव्हाण वनपरिक्षेत्र अधिकारी होत्या. धाडसी म्हणून ओळखल्या जायच्या. २५ मार्च २०२१ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी उपवनसंरक्षकांवर छळाचे आरोप केले: सर्वांसमोर शिवीगाळ, निलंबनाच्या धमक्या, अडवलेला पगार, गरोदरपणात जंगलात करावी लागलेली पायपीट आणि त्यानंतर झालेला गर्भपात. ही चिठ्ठी त्यांनी क्षेत्र संचालकांना उद्देशून लिहिली होती, म्हणजे ज्यांच्याकडे आधी दाद मागितली, असं त्या म्हणत होत्या, त्यांनाच.

गावात इंटरनेट पोहोचलं होतं. तिची तक्रारही पोहोचली होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

उपवनसंरक्षकांना दुसऱ्याच दिवशी नागपुरात अटक झाली. क्षेत्र संचालकांना आधी पदावरून हलवून नागपूरला पाठवलं गेलं. संताप वाढला, तेव्हा निलंबन झालं. एका तरुण अधिकाऱ्याचा जीव गेल्यावरही यंत्रणेचा हात आधी कुठे गेला, ते लक्षात घ्या. बदलीच्या कागदाकडे. कोण किती दोषी, हे ठरवणं न्यायालयाचं काम. माझा प्रश्न त्याआधीच्या महिन्यांचा आहे. त्या काळात एका तरी वरिष्ठाने तिची तक्रार नोंदवून घेऊन, तिला आणि आरोप असलेल्या साहेबाला समोरासमोर न बसवता, स्वतंत्र चौकशी का केली नाही?

सरकारी नोकरीत तक्रार "उचित मार्गाने" करायची असते. हा मार्ग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच टेबलावरून जातो. अर्ज त्याच्या सहीने पुढे सरकणार. वर्षाअखेरीस गोपनीय अहवाल तोच लिहिणार. ११ महिन्यांच्या ऑर्डरवर राबणाऱ्या कंत्राटी माणसाला तर तेवढाही मार्ग नाही. त्याची तक्रार म्हणजे पुढची ऑर्डर नाही, एवढा सरळ हिशेब आहे.

०

खासगीत तरी बरं असेल, असं आमच्या पोरांना वाटतं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आता शेलूबाजारजवळूनच चढता येतं, रात्री बसलं की सकाळी मोठं शहर. पोरं जातात, काचेच्या इमारतींत काम मिळतं, घरी पैसे येतात. आईबापांना अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण त्यांनी अॅना सेबॅस्टियन हे नावही लक्षात ठेवावं. २६ वर्षांची सनदी लेखापाल. मार्च २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या पुण्याच्या कार्यालयात रुजू झाली, जुलैत वारली. मुलीला कामाच्या ओझ्याने पिळून काढलं, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवलं. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध असल्याचं कंपनीने नाकारलं. मग कामगार विभाग तपासणीला गेला, तेव्हा उघड झालं की २००७ पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. १७ वर्षं! आमच्या चौकातल्या किराणा दुकानदाराला कागद दाखवायला लावणाऱ्या यंत्रणेला एवढं मोठं कार्यालय दिसलं नाही.

कामाच्या ठिकाणच्या छळाला शिक्षा देण्यात फ्रान्स आपल्या पुढे आहे. फ्रान्स टेलिकॉम ही तिथली मोठी टेलिफोन कंपनी. २००६ नंतर तिला २२,००० माणसं कमी करायची होती. बऱ्याच जणांची नोकरी कायम होती, सरळ काढता येत नव्हतं. मग बदल्यांचं सत्र सुरू झालं. घरापासून दूर, अंगात नसलेल्या कामावर, पुन्हा पुन्हा, माणूस स्वतःहून निघून जाईपर्यंत. माणसं नुसती निघून गेली नाहीत. खटल्यात १९ आत्महत्या आणि आत्महत्येचे १२ प्रयत्न न्यायालयापुढे आले. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला, तिचे माजी प्रमुख दिदिए लोम्बार यांना आणि इतर काही अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. अपिलात शिक्षा सौम्य झाली, लोम्बार यांचा दोष मात्र कायम राहिला. छळ एका माणसाने दुसऱ्याचा केला, एवढ्यावर तिथलं न्यायालय थांबलं नाही. कंपनीचं धोरणच छळाचं होतं, असं त्याने म्हटलं.

आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, तो कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापुरता. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तो कायदाही बायकांनी रक्ताचं पाणी करून मिळवला. पण रोज सर्वांसमोर पाणउतारा करणं, पगार अडवणं, रजा नाकारणं, मध्यरात्री कामाला जुंपणं, या छळासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तो हवा.

०

कायदा होईपर्यंत सरकारला तीन गोष्टी आज करता येतील. त्यासाठी पैसा लागत नाही.

एक. तक्रार असलेल्या अधिकाऱ्याची बदली झाली, तर चौकशीची फाइल त्याच्यासोबत हलली पाहिजे. नव्या जिल्ह्याच्या प्रमुखाला ती पदभाराआधी मिळाली पाहिजे, आणि चौकशीचा निकाल लागल्याशिवाय त्याच्या हाताखाली कर्मचारी देऊ नयेत.

दोन. छळाच्या तक्रारीचा मार्ग त्या साहेबाच्या टेबलावरून जाता कामा नये. विभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता आला पाहिजे, कंत्राटी माणसालाही. तक्रार केल्यानंतर ऑर्डर थांबली, तर ती का थांबली याचं उत्तर लेखी द्यावं लागलं पाहिजे.

तीन. साहेबाचा वार्षिक अहवाल लिहिताना त्याच्या कार्यालयातून किती जणांनी बदली मागितली, किती जण दीर्घ रजेवर गेले, किती जणांनी राजीनामा दिला, हे आकडे समोर ठेवा. शंभर टक्के उद्दिष्ट गाठणाऱ्या कार्यालयातून निम्मी माणसं पळ काढत असतील, तर ते शंभर टक्के तपासायला गावात जा.

आणि आता नोकरी करणाऱ्या वाचकाशी दोन शब्द. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द वहीत लिहा. रात्रीचे संदेश पुसू नका. तुमचा गोपनीय अहवाल तुमच्यापासून गोपनीय नाही. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे की त्यातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. ती मागा. एकट्याने तक्रार करायला भीती वाटत असेल, तर दोघांनी सही करा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला उभं करून बोलतात, तेव्हा खाली बघू नका. मी खाली बघितलं होतं, त्याची लाज अजून जात नाही. आणि जीव नकोसा झाला असेल, तर कोणतीही नोकरी जिवापेक्षा मोठी नाही. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. घरच्यांशी बोला, तिथे बोला, पण बोला.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. लहान जिल्हा केला की साहेब जवळ येईल आणि काम लवकर होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. साहेब जवळ आला, पण बरेचदा दुसरीकडे नकोसा झालेला आला. इथले कर्मचारी आणि शेतकरी कुणाच्या शिक्षेची जागा होण्यासाठी वेगळे झाले नव्हते. मंत्रालयाला शेलूबाजारहून एवढंच सांगणं आहे: चूक तुमच्याकडे झाली तर चौकशी तुमच्याकडे करा, शिक्षा तुमच्याकडे द्या. आमच्याकडे काम करणारा साहेब पाठवा.